लेकरांना इतिहास दाखवायचा की दर्शन घडवायचे?



वरवट बकाल आणि आजूबाजूच्या खेड्यांतली जी पोरं-पोरी दर रविवारी विहारात अभ्यासाला बसतात, त्यांच्यासाठी आम्ही काही पालक मिळून दिवाळीच्या सुटीत एक सहल काढतो. एका वर्षी दीक्षाभूमी झाली, एका वर्षी अजिंठा, एका वर्षी पुणे-कोरेगाव-महाड. वर्गणी काढायची, घरून भाकरी-ठेचा बांधून घ्यायचा, शेगाव स्टेशनवरून रेल्वे नाहीतर एसटी पकडायची, रात्री एखाद्या विहारात सतरंज्या टाकून झोपायचे. एवढाच आमचा थाट असतो. पण या साध्या सहलींवर आता दोन्ही बाजूंनी आक्षेप येऊ लागले आहेत आणि त्यांना जाहीर उत्तर देणे गरजेचे झाले आहे.

पहिला आक्षेप एका शिक्षक मित्राचा. तो म्हणतो, "शाळेची सहल देवळात गेली की तुम्ही निवेदन घेऊन उभे राहता. मग तुमची दीक्षाभूमी म्हणजे दुसरं काय आहे? तिथंही हात जोडणंच आहे ना?" दुसरा आक्षेप आपल्याच समाजातल्या एका जाणत्या माणसाचा. ते म्हणाले, "भाऊ, लेकरायले तिथं न्यायचं, नतमस्तक करायचं, फोटो काढायचा अन् वापस आनायचं. त्यायले सवाल कायले इचाराले लावता? अशानं श्रद्धा उडून जाईन."

दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांना घोषणेने उत्तर देऊन चालणार नाही, युक्तिवादानेच द्यावे लागेल.

शाळेची सहल आणि संविधान

आधी शिक्षक मित्राच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या भागात शाळेची सहल म्हटली की त्यात एखादे देवस्थान असतेच. पालकांच्या हातात जो कागद येतो त्यावर 'शैक्षणिक सहल' असे लिहिलेले असते. पालक सही करतो, पैसे भरतो. माझी भाची अशाच एका शाळेच्या सहलीला गेली होती. शाळेचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. तिथे सगळ्यांना रांगेत उभे केले, आरतीला टाळ्या वाजवायला लावल्या, कपाळाला टिळा लावला. भाची म्हणाली, मला नको. त्यावर बाई चाळीस पोरांसमोर म्हणाल्या, "तुमचं तं वेगळंच असते." पोरगी घरी आली तेव्हा रडली नाही, पण पुढच्या वर्षी सहलीचा कागद तिने दप्तरातून बाहेरच काढला नाही.

कुणी देवस्थानाला जाऊ नये असे मी म्हणत नाही. संविधानाच्या कलम २५ ने प्रत्येकाला श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि ज्या माणसाने ते संविधान आकाराला आणले त्याचे आपण अनुयायी आहोत. पण त्याच संविधानात कलम २८ सुद्धा आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सहलीच्या कागदावर केलेली सही ही सहलीला दिलेली संमती आहे. ती आरतीला दिलेली संमती नाही.

आमची सहल आणि शाळेची सहल यांतला पहिला फरक इथे आहे. आमची सहल शाळेची नाही, सरकारी पैशाची नाही, आणि ती कुठे जाते, कशासाठी जाते हे पालकाला आधीच स्वच्छ सांगितलेले असते. विहारातून निघालेली सहल ती विहारातली सहल म्हणूनच निघते. 'शैक्षणिक' हा शब्द पांघरून आम्ही कुणाच्या लेकराला वंदना म्हणायला लावत नाही.

पण एवढे उत्तर पुरेसे नाही. समजा संमती आहे, पालक राजी आहेत, सगळे आपल्याच घरचे आहेत. तरीसुद्धा श्रद्धेच्या अंगाने दाखवलेला इतिहास हा इतिहास राहतो का? हा प्रश्न माझ्यापुढे खरा उभा राहिला तो सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका फोनमुळे.

अमेरिकेतून आलेला प्रश्न

माझा एक आतेभाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. त्याच्या शेजारच्या कुटुंबातली मुले शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. तिथे ही पद्धत कायदेशीर आहे आणि चांगलीच पसरलेली आहे. घरी शिकणाऱ्या अशा मुलांसाठी चर्चच्या मंडळींनी एक इतिहास-सहल काढली होती. जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग, जॉर्ज वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन आणि शेवटी राजधानी. रोज सकाळी प्रार्थना, बायबलचा पाठ, आणि प्रत्येक ठिकाणी सांगणारा माणूस सांगणार की या देशाच्या उभारणीत देवाचा हात कसा होता. शेजाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने याच्या मुलालाही बोलावले. आतेभावाने मला विचारले, "दादा, पाठवू का? आपणही तर लेकरांना दीक्षाभूमीला नेतोच."

त्याचा प्रश्न आणि शिक्षक मित्राचा प्रश्न एकच होता, हे तुमच्या लक्षात आले असेल.

मी त्याला म्हणालो, पाठव. पण त्याआधी तीच ठिकाणे घेऊन त्याला तू स्वतः चार गोष्टी सांग. इंग्रजांनी १६०७ साली जेम्सटाउन वसवले. त्यानंतर बाराच वर्षांनी, १६१९ मध्ये, त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे उतरवली गेली आणि धान्याच्या बदल्यात दिली गेली. माउंट व्हर्ननचा बंगला सुंदर आहे, पण १७९९ साली वॉशिंग्टन वारले तेव्हा त्या मळ्यावर ३१७ माणसे गुलाम म्हणून राबत होती. सगळी माणसे समान जन्मली आहेत असे जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. देवाचा हात दाखवायचा असेल तर त्या हाताने या माणसांसाठी काय केले, हेही विचारले पाहिजे.

आणि त्याला फार्मव्हिल नावाच्या गावाला घेऊन जा, असेही मी म्हणालो. तेही व्हर्जिनियातच आहे. तिथल्या काळ्या मुलांच्या शाळेत इतकी गर्दी होती की कागदी पत्र्याच्या झोपड्यांत वर्ग भरायचे. १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने तिथे विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे १९५४ च्या ब्राउन निकालात सामील झाला आणि काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. मग गोऱ्या पुढाऱ्यांनी काय केले? काळ्या मुलांच्या शेजारी आपली मुले बसवायला लागू नयेत म्हणून त्यांनी त्या काउंटीतल्या सार्वजनिक शाळाच १९५९ पासून १९६४ पर्यंत बंद ठेवल्या. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्यांची मुले पाच वर्षे रस्त्यावर. बार्बराची ती शाळा आज संग्रहालय आहे.

आपल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विहिरीवर अस्पृश्याने हात लावला तर विहीर शुद्ध करायची, आणि शाळेत काळ्याने पाय ठेवला तर शाळाच बंद करायची. दोन्हीकडे डोके एकच आहे.

घरी शिकवायचे की शाळेत पाठवायचे

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्यातले काही उत्साही तरुण म्हणतात की पाठ्यपुस्तकात आपला इतिहास नीट नाही, तर आपणही आपल्या लेकरांना शाळेतून काढून आपलेच शिकवावे. अमेरिकेत बऱ्याच धार्मिक कुटुंबांनी तेच केले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतली अधिकृत प्रार्थना आणि बायबलवाचन थांबवले, तेव्हापासून त्यांची त्या शाळांवर खप्पामर्जी आहे.

आपला शाळेशी असलेला नातेसंबंध तसा नाही. शाळेचे दार आपल्याला कुणी उघडून दिले नाही, ते लढून उघडावे लागले. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणासाठी निवेदन दिले. साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसून शिकला. माझ्या आजोबांची शाळा वर्गाच्या उंबरठ्याबाहेर भरायची. ज्या दारासाठी दोन-तीन पिढ्या झिजल्या, त्या दारातून आपले लेकरू आपणच उचलून बाहेर आणायचे? अजिबात नाही. शाळेत आपले लेकरू इतरांच्या लेकरांसोबत एका बाकावर बसते, हीसुद्धा चळवळीची कमाई आहे. शाळेतल्या पुस्तकात जे कमी आहे ते रविवारी विहारात भरून काढायचे, आणि पुस्तकात जे चुकीचे आहे ते दुरुस्त करण्यासाठी भांडायचे. आमची सहल शाळेला पूरक आहे. शाळेला पर्याय म्हणून ती कधीच काढलेली नाही.

कोरेगावच्या स्तंभापाशी

आता समाजातल्या त्या जाणत्या माणसाच्या आक्षेपाकडे वळतो. प्रश्न विचारल्याने श्रद्धा उडते का?

आम्ही कोरेगावच्या विजयस्तंभापाशी गेलो ते १ जानेवारीच्या गर्दीत नव्हे. त्या दिवशी मानवंदना द्यायला जावेच, बाबासाहेब स्वतः १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले होते. पण लेकरांना दगडावरची अक्षरे वाचायची असतील तर निवांत दिवस लागतो. स्तंभावर धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांत 'नाक' प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. पोरांनी एकेक नाव बोट ठेवून वाचले.

मग मी त्यांना विचारले की भाषणांमध्ये तुम्ही काय ऐकले आहे. सगळे एका सुरात म्हणाले, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापले. मी म्हणालो, आता हिशेब करू. कंपनीची ती तुकडी सव्वाआठशेच्या आसपास होती. त्यात मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे पाचशे पायदळ, तीनशेच्या जवळपास घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे मूठभर गोरे गोलंदाज. पायदळात महार मोठ्या संख्येने होते, पण सगळेच महार नव्हते. पेशव्यांचे सैन्य प्रचंड होते, पण त्या दिवशी गावावर चालून आल्या त्या त्यातल्या काही तुकड्या. दिवसभर तहानेने तडफडत, गोळीबार झेलत या लोकांनी गाव सोडले नाही, आणि शेवटी पेशव्यांची फौज निघून गेली.

एका पोराचे तोंड उतरले. तो म्हणाला, "म्हणजे दादा, आपन खोटंच सांगतो का?" मी म्हणालो, शौर्य खोटे नाही. दगडावर नावे आहेत, ती खोटी नाहीत. ज्या राजवटीत अस्पृश्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जायचा, त्या राजवटीच्या फौजेपुढे ही माणसे बंदूक घेऊन उभी राहिली, हेही खोटे नाही. पण आकडा फुगवला तर उद्या समोरचा माणूस आकडा खोटा पाडतो आणि त्यासोबत नावेसुद्धा खोडायला निघतो. आपल्याकडे दगडाचा पुरावा असताना आपण आकड्याच्या कुबड्या का घ्याव्यात?

एका मुलीचा प्रश्न त्याहून अवघड होता. "दादा, ते इंग्रजाकून लढले. मंग इंग्रज आपले होते का?" कोरेगावच्या सहलीतला हाच खरा धडा आहे. इंग्रजांना शिपाई हवा होता तोवर त्यांनी महार शिपाई घेतला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढवय्या जाती'चे खूळ डोक्यात शिरले आणि त्यांनी महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे स्तंभावर कोरली, त्यांनाच दार बंद. म्हणून १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांना भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज करावा लागला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे लागली तेव्हा. मी त्या मुलीला म्हणालो, इंग्रज आपले नव्हते आणि पेशवेही आपले नव्हते. म्हणूनच आपल्याला आपले स्वतःचे संघटन लागले, आणि ते उभे करणारा माणूस लागला.

तिची श्रद्धा उडाली का? बसमध्ये परतताना ती आपल्या वहीत 'नाक' प्रत्ययाची नावे पुन्हा लिहून काढत होती.

चवदार तळ्याचे पाणी

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. संग्रामपूर तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या विहिरी-बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि किडनीच्या आजाराने घरटी माणसे गेल्याचे आम्ही पाहिले आहे. नळाला पाणी कधी येणार, कॅन कितीला मिळणार, टँकर येणार की नाही, यावर आमच्या घरांचा दिवस ठरतो. महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरताना आमच्यातल्या सर्वांत लहान पोरीने विचारले, "दादा, हे पानी गोड हाय का आपल्यासारखं खारं?" सत्याग्रहावर दिलेल्या माझ्या कुठल्याही भाषणात हा प्रश्न आला नव्हता. पाणी हा त्या पोरीसाठी इतिहास नाही, रोजची गरज आहे.

तिथेच पायरीवर बसून आम्ही महाडचा सत्याग्रह तारखांनिशी मांडला. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण प्रत्यक्षात एकही अस्पृश्य तिथे पाण्याला जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि शेण-गोमूत्र-दही घालून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्यावर पुन्हा जाण्याचा सत्याग्रह मात्र न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यामुळे बाबासाहेबांनी थांबवला. खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

इथेही एक अडचणीचा मुद्दा मी मुद्दाम लेकरांपुढे ठेवला. महाडला नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आपल्या बाजूने उभे होते. अनंतराव चित्रे होते. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. आपल्या काही भाषणांतून ही नावे गळतात. का गळतात? आपल्या रागाला ती सोयीची नाहीत म्हणून. पण बाबासाहेबांचा लढा ब्राह्मण्याशी होता, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाशी नव्हता. हे लेकराला महाडच्या पायरीवर कळले नाही तर ते पुढे कुठे कळणार?

आणि मग मी त्यांना विचारले, १९२४ च्या ठरावाने तळे खुले झाले होते, तरी पाणी मिळाले का? नाही. आज आपल्या गावासाठी पाण्याच्या योजना कागदावर असतात, तरी पाणी मिळते का? एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपल्यालेबी तळ्यावर जा लागन." मी त्याच्या तोंडात हे वाक्य घातले नव्हते. तळ्याला नुसता हार घालून आलो असतो, तर ते त्याला सुचले असते असे मला वाटत नाही.

कसोटी कोणती?

या अनुभवांवरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. ती अमेरिकेतल्या चर्चच्या सहलीला लागू आहे, शाळेच्या देवस्थान-सहलीला लागू आहे आणि आमच्या धम्म-सहलीलाही तेवढीच लागू आहे.

एक, लेकराला नाही म्हणता येते का? दीक्षाभूमीवर कोरलेल्या २२ प्रतिज्ञा आम्ही सगळ्यांना वाचायला लावतो, कारण तो इतिहासाचा दस्तऐवज आहे. त्या घ्यायच्या की नाही हे ज्याचे त्याने मोठेपणी ठरवायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे जमलेल्या लोकांनी स्वतःच्या मनाने धम्म स्वीकारला, म्हणून त्या दिवसाला किंमत आहे. धरून आणून दिलेल्या दीक्षेला काय अर्थ उरतो?

दोन, पुरावा आधी आणि वंदन नंतर असा क्रम आहे का? दीक्षाभूमीवर त्या दिवशी किती लोक होते याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. कुणी पावणेचार लाख म्हणतात, कुणी पाच, कुणी सहा. आम्ही लेकरांना जनगणनेचा आकडा देतो. आजच्या महाराष्ट्राच्या भागात १९५१ साली बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. या आकड्यापुढे कुणी वाद घालून दाखवावा.

तीन, जे दिसत नाहीत त्यांची चौकशी होते का? अजिंठ्याच्या चित्रांपुढे सगळे थक्क होतात. आम्ही विचारतो, पैसा कुणी दिला, हातोडा कुणी चालवला? लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. सोळाव्या लेण्याच्या लेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. १८१९ साली तिथे पोचलेल्या जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने तर दहाव्या लेण्यातल्या चित्रित खांबावर आपले नाव कोरून ठेवले. पण ज्यांनी तो काळा पाषाण फोडला त्या पाथरवटांची नावे कुठे आहेत? आपल्या स्वतःच्या वारशालाही हा प्रश्न विचारता आला पाहिजे.

चार, ती सहल आपल्याच माणसांना अडचणीच्या ठरणाऱ्या जागी थांबते का? माउंट व्हर्ननला जाऊन गुलामांच्या खोपटांपुढे न थांबणारी सहल नापास. कोरेगावला जाऊन १८९० च्या दशकातल्या भरतीबंदीबद्दल न बोलणारी सहलही नापास.

शिक्षक मित्राला माझे उत्तर हे आहे. हात जोडणे हा आपल्यातला खरा फरक नाही. हात जोडण्याआधी आणि नंतर काय विचारायची मुभा आहे, त्यावर फरक ठरतो. तुमच्या सहलीला ही चार कलमे लावा. पास झाली तर मी निवेदन घेऊन येणार नाही.

आणि समाजातल्या त्या वडीलधाऱ्यांना आदराने सांगतो. परंपरेत आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हे बुद्धाने कालामांना सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. ज्यांनी स्वतःची भक्ती नको म्हणून सांगितले, त्यांच्या स्मारकापुढे लेकरांना प्रश्न विचारू न देणे हा त्यांचा सन्मान कसा होईल?

फुल्यांची अर्पणपत्रिका

आतेभावाच्या मुलासाठी एक शेवटची गोष्ट मी कळवली आहे. ती तुम्हालाही सांगतो. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा केली. पुण्यात बसलेल्या माळ्याच्या पोराने सातासमुद्रापलीकडच्या गुलामांची लढाई आपली मानली. पुढे १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या चळवळीचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी युनोपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. अमेरिकेचा इतिहास त्या पोराला परका नाही. फक्त तो कुणाच्या डोळ्यांनी पाहायचा हे त्याला कळले पाहिजे. तो शेजाऱ्यांसोबत खुशाल जावो, त्यांच्या प्रार्थनेचा मान राखो, आणि माउंट व्हर्ननला पोचल्यावर नम्रपणे विचारो की इथे राबणारी माणसे कुठे झोपत होती.

येत्या दिवाळीत आमची सहल पुन्हा निघेल. ज्या गावांना आपली सहल काढायची असेल त्यांच्यासाठी आमची पद्धत सांगतो. गर्दीचा दिवस टाळा. वीसपेक्षा जास्त लेकरे घेऊ नका, नाहीतर सांभाळण्यातच दिवस जातो. मुली निम्म्या असल्याच पाहिजेत आणि सोबत दोन बाया हव्यातच. प्रत्येकाच्या हातात वही द्या आणि पानावर तीन रकाने पाडा: काय पाहिले, काय ऐकले, पुरावा काय. परत आल्यावर पुढच्या रविवारी विहारात लेकरांनी ती वही गावापुढे वाचून दाखवायची, मोठ्यांनी मधे बोलायचे नाही.

बाबासाहेबांच्या तीन शब्दांतला पहिला शब्द 'शिका' आहे. गावोगावी अशा सहली निघोत, आणि लेकरांना आपल्या डोळ्यांनी पाहून, विचारून शिकू द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.